जावयाच्या हौसेखातर हरसूल

माझा आणि माझ्या सासऱ्यांचा एकमेकांवर फार जीव होता. आम्ही एकदा सायकलने हरसूलला गेलो, त्याचं कारण एवढंच.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. ते नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि वर्षानुवर्षं सायकलवरूनच कामाला जात. त्यामुळे मामांना सायकलचं भारी वेड आहे, अशी माझी समजूत. मी मनमाडला कारकून. लग्न ठरताना काहीतरी छंद सांगावा लागतो म्हणून मी ‘सायकल चालवणे’ असं सांगून ठेवलं होतं (खरा छंद दुपारची झोप हा होता, पण तो कोण सांगणार?). त्यामुळे जावयाला सायकलचं भारी वेड आहे, अशी मामांची समजूत. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी दोघांपैकी कोणीही खुलासा केला नव्हता.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या मेव्हणीला, कुसुमला, बघायला सटाण्याहून पाहुणे यायचे होते. दुपारी चारला. त्यासाठी मीही सासुरवाडीला आलो होतो. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर. कुसुम आणि तो डी.एड.ला एकाच वर्गात होते आणि दोघांचं केव्हाच ठरलेलं होतं, हे घरात मामा सोडून सगळ्यांना माहीत होतं. आता फक्त वडीलधाऱ्यांनी चहा-पोहे घेऊन ‘हो’ म्हणायचं बाकी होतं. सकाळीच कुसुमने मला बाजूला घेतलं.

“दाजी, आज काही गडबड करू नका हं. मुलाचे वडील फार मानपानाचे आहेत. माझं सगळं आजच्यावर आहे.”

“मी कशाला गडबड करतोय?” मी म्हणालो.

घरात पडदे धुणं, पितळ्या घासणं चाललेलं. मी आणि मामा बरोबर वाटेत उभं राहून चहा मागत होतो. शेवटी मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, तोडगा काढला.

“अहो, जावईबापूंना घेऊन गिरणाऱ्यापर्यंत फिरून या. त्यांना सायकलची हौस आहे. येताना ताजी कोथिंबीर आणा. पण दहाच्या आत घरात पाहिजे.”

मामांची स्वतःची काळी, उंच सायकल होती. मला शेजाऱ्यांची मिळाली. निघाल्यापासूनच अडचण सुरू झाली. सासऱ्यांच्या पुढे सायकल काढणं मला बरं दिसेना, आणि जावयाला मागे धूळ खायला लावणं मामांना बरं दिसेना. “व्हा पुढे,” ते म्हणत. “छे, तुम्ही व्हा,” मी म्हणे. दोघंही वेग कमी करत करत गंगापूरच्या पुढे तर इतके हळू झालो की, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आम्हाला मागे टाकून निघून गेली.

गिरणाऱ्याला चहा घेतला, कोथिंबिरीची जुडी घेऊन हँडलला पिशवी लटकवली. काम झालं होतं. माझ्या मांड्या भरून आल्या होत्या आणि डोळ्यांपुढे परतीचा रस्ता दिसत होता. तेवढ्यात मामा पुढच्या रस्त्याकडे बघत म्हणाले,

“इथून पुढे फार छान आहे म्हणतात. डोंगरच डोंगर.”

आता हे त्यांनी नुसतं माहिती म्हणून सांगितलं होतं. पण मला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनात आहे, कसं मोडायचं?

“मग बघू या की थोडं,” मी म्हणालो.

मामांचा चेहरा जरासा पडला. मी समजलो, आनंद आवरताहेत.

धोंडेगावाच्या चढावर मी थांबून “वा, काय हवा आहे!” म्हणालो. खरं तर मला ती हवा कुठूनही आत घ्यायची होती, कारण आतली संपली होती. मामांनी मनाशी म्हटलं, जावई रंगात आलाय. आणि ते बिचारे पुन्हा पायडल मारू लागले. पुढच्या चढावर त्यांनी सायकलवरून उतरून झाडाला पाठ टेकवली आणि कंबर दाबत म्हणाले, “हाच रस्ता पुढे जव्हारवरून डहाणूला, पार समुद्राला लागतो.” मी मनात म्हटलं, यांना आता समुद्र बघायचाय!

वाघेरा घाट आला तेव्हा निदान उतार तरी लागला. पण उतारावर कोणाचं मत कोण विचारतो? शेजाऱ्यांच्या सायकलचा ब्रेक दोनदा कुरकुरला आणि मग त्याने काम सोडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या पुढे गेलो. पुढे म्हणजे, पुन्हा दिसलोच नाही. मी पाय रस्त्यावर घासत, “मामा, मामा” ओरडत वळणामागून वळण उतरत होतो. मामांना वरून वाटलं, पोरगं आनंदाने हाका मारतंय. तेही जिवावर उदार होऊन मागे सुटले.

अशा रीतीने आम्ही हरसूलला पोहोचलो. माझ्या एका चपलेचा तळ घाटात राहिला होता.

गावात शिरताच एक हॉटेल होतं. कढईपाशी एक मावशी बसलेल्या.

“काय देऊ? भजी देऊ का शेव?”

“यांना विचारा,” मामा म्हणाले.

“छे, मामा म्हणतील ते,” मी म्हणालो.

“पाहुणे म्हणतील ते.”

“कुनीतरी एक बोला ना,” मावशी म्हणाल्या. “त्याल तापून ऱ्हायलं. कुठून आले?”

“नाशिकहून.”

“सायकलीवर? आन् हरसुलात काय काम काढलं?”

“यांची हौस,” आम्ही दोघं एकदम म्हणालो. मी मामांकडे बोट दाखवलं होतं, मामांनी माझ्याकडे.

मग दोघांचीही बोटं हळूहळू खाली आली.

“मला कसली हौस?” मामा म्हणाले. “मी गिरणाऱ्याहूनच परत फिरणार होतो. म्हटलं, जावयाचा हिरमोड कशाला करायचा.”

“मामा, मी तर सातपूरच्या नाक्यावरूनच फिरणार होतो.”

“अहो, मग बोलायचं की!”

“तुमच्यापुढे कसं बोलणार?”

मावशींनी झारा खाली ठेवला. “म्हंजे दोघांलाबी यायचं नव्हतं, तरी आले?” त्यांनी आत हाक मारून नवऱ्याला बाहेर बोलावलं. आम्हाला बघायला.

दोन वाजून गेले होते. मामांनी भजीला हात लावला नाही. “चारला पाहुणे यायचेत,” ते हळूच म्हणाले. “पोरीचा बापच घरात नाही म्हटल्यावर काय समजतील ते? कुसुमचं काही बिनसलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?” त्यांचा आवाज असा झाला की मला घाटापेक्षा जास्त भीती वाटली. एवढा हसतमुख माणूस, माझ्या एका थापेपायी पोरीच्या काळजीने काळवंडून बसला होता.

एस.टी. उशिरा आली. सायकली टपावर चढवल्या. आत एकच जागा रिकामी होती. “बसा मामा,” मी म्हणालो. “नाही, तुमचे पाय दुखत असतील,” मामा म्हणाले. तोवर कोंबडी घेतलेली एक बाई तिथे बसली. आम्ही नाशिकपर्यंत उभ्याने आलो.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि पाहुणे बसलेलेच होते. मामांच्या कपड्यांवर घाट, माझ्या एका पायात चप्पल, हातात सुकून काळी पडलेली कोथिंबीर. दारात कुसुम उभी. तिच्याकडे बघायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

मुलाचे वडील उठून उभे राहिले. मला वाटलं, निघाले. पण ते माझ्यापाशी आले, हाताला धरून मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि मुलाकडे वळून अहिराणीत म्हणाले,

“हाई घर सोडू नको, पोऱ्या. आठे जावाईले भलता मान शे.”

झालं होतं असं, की मामींनी चारपासून एकच गोष्ट लावून धरली होती: आमच्या जावयांना सायकलची हौस, त्यांचं मन मोडायचं नाही म्हणून हे बरोबर गेलेत. पाहुण्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. पाचला त्यांना नवल वाटलं. सहा वाजता ते भारावून गेले. पोरीच्या बघण्यालासुद्धा जावयाची हौस मोडत नाही, असं घर त्यांनी सटाण्याकडच्या उभ्या बागलाणात पाहिलं नव्हतं.

“मंग, कशी झाली सफर?” त्यांनी मला विचारलं.

मी मामांकडे बघितलं. मामांनी कुसुमकडे. तिने दारातच पदराने डोळे पुसले. हसून की रडून, ते कळलं नाही.

“फारच छान,” मी म्हणालो.

“त्यांना अजून पुढे जायचं होतं,” मामा म्हणाले. “मीच आवरलं.”

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला नवे जावई, माझे साडू, सासुरवाडीला आले. पहाटे मामींनी कौतुकाने तीन सायकली दारात आणून ठेवल्या. आता सटाण्याच्या लोकांपुढे नाही कसं म्हणायचं? निघालो. गिरणाऱ्याला चहा झाला. साडू मास्तर असला तरी सरळ माणूस. घाम पुसत तो म्हणाला, “दाजी, खरं सांगू का? मला सायकलचा फार कंटाळा आहे. इथूनच परत फिरलो तर चालेल का?”

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी सायकल वळवलीसुद्धा. इतक्या वर्षांत असं स्पष्ट बोलणारा माणूस आमच्या घरात पहिल्यांदाच आला होता. एक ‘हो’ म्हटलं असतं की तिघंही सुटलो असतो.

“छे, छे,” कोणीतरी म्हणालं, “आता कुठे मजा येतेय.”

आवाज माझाच होता.