गुलामाचा दुमडलेला कोपरा

गुरुजींना मी आजतागायत माफ केलेलं नाही. माणूस गेला की माफ केलं म्हणायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पंचवटीतल्या एका शाळेत तिसरीत होते आणि मला वाचता येत नव्हतं. वडील भाजीबाजारात हमाल. त्यांना वाचता यायचं ते पोत्यांवरचं: ‘नि’ म्हणजे निफाड, ‘चां’ म्हणजे चांदवड. तेवढ्या भांडवलावर त्यांनी मला शिकवायला घेतलं. बाजारातून पत्त्यांचा जुना कॅट आणला, खळीनं पानांवर कागद चिकटवले. एका पानावर ‘नि’, दुसऱ्यावर ‘निफाड’. एक गुलाम तेवढा उघडा ठेवला आणि आम्ही गुलामचोर खेळू लागलो. शेजाऱ्याच्या हातातलं पान ओढायचं, जोडी जमली की मोठ्यानं म्हणून खाली टाकायची. शेवटी गुलाम ज्याच्या हातात राहील तो चोर. आमच्या घरचा नियम असा, की चोरानं खाली पडलेल्या सगळ्या जोड्या वाचून दाखवायच्या.

“चोराला लय अभ्यास,” वडील म्हणायचे. बहुतेकदा तेच चोर व्हायचे आणि अडले की मला विचारायचे.

महिन्याभरात मी अडखळत का होईना वाचू लागले. त्या आनंदात कॅट शाळेत नेला. गुरुजींनी तो दप्तरात पाहिला.

“हमालाची पोर, जुगारच खेळणार!”

वर्गासमोर त्यांनी एकेक पान फाडलं, सावकाश, मजा घेत. मग मला दाराशी चपलांजवळ बसवलं, ते वर्ष संपेपर्यंत. वडील ऐकून एवढंच म्हणाले, “जाऊ दे, पोरी.” मी जाऊ दिलं नाही.

ऐंशी साल उलटल्यावर मी शिक्षिका झाले. वाचनात मागं पडलेल्या मुलांना रविवारी घरी बोलवायचे आणि वडिलांचाच खेळ खेळायचे. अशाच एका रविवारी गुरुजी दारात उभे राहिले. आता निवृत्त झालेले, हात धरून नात. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मात्र ती बोटं लगेच ओळखली.

“बाई, हिला वाचता येत नाही. माझ्यासमोर तर तोंडच उघडत नाही. यंदा नाही जमलं तर शाळा बंद, घरी बसवणार.”

“शिकवीन. पण महिन्यानं तुम्हीही एक डाव खेळायला बसायचं.”

पोर हुशार निघाली. महिन्यात भराभर वाचू लागली, फक्त आजोबांचं नाव काढलं की गप्प. इकडे मी माझी तयारी करत होते. गुलामाचा कोपरा जरासा दुमडून ठेवला आणि पोरीला बजावलं, “आजोबांच्या हातातलं दुमडलेलं पान कधी ओढू नकोस.” आठ वर्षांच्या पोरीला मी माझ्या सूडात ओढलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ठरल्या दिवशी सतरंजी दाराशी अंथरली, चपलांजवळ. पत्ते पाहून गुरुजींचं तोंड कडू झालं, पण बसले. मी गुलाम हातात जरा वर धरला, त्यांनी तोच ओढला. माझी पानं संपली. शेवटी पोरीजवळ ‘ये’ राहिला, गुरुजींजवळ ‘येवला’ आणि गुलाम. आता पोर येवला ओढणार, गुरुजी चोर होणार, आणि मी म्हणणार, “चोर, वाचा!” हे वाक्य मी बारा वर्षं घोकलं होतं.

पोरीनं दुमडलेला कोपरा नीट पाहिला, आजोबांकडे पाहिलं आणि तेच पान ओढलं. मग ‘ये’ स्वतःहून पुढं सरकवला. आजोबांची जोडी जमली.

“मी चोर,” ती म्हणाली आणि वाचू लागली. निफाड, चांदवड, दिंडोरी, येवला. सगळं, खणखणीत, आजोबांच्या समोर. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मला माझी लाज वाटली. राग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

“बाई, हा खेळ तुम्हाला कुणी शिकवला?”

“माझ्या वडिलांनी. हमाल होते. त्यांचा कॅट तुम्ही फाडलात, गुरुजी, आणि मला असंच बसवलंत, चपलांजवळ. आता या पोरीची शाळा बंद करायची नाही.”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. नातीच्या खांद्याला धरून उठले. चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. मी मदत केली नाही.