विरारमध्ये एकटीनं जेवायला बसणं

परभणीहून निघताना वडिलांनी, अण्णांनी, माझ्या हातात एक मोठी रिकामी बॅग दिली. "येताना शीतलचं सामान यात भर," ते म्हणाले.

शीतल माझी धाकटी बहीण. विरारला एका ऑफिसात नोकरीला आहे. व्हिडिओ कॉलवर तिची गालफडं बसलेली दिसली आणि घरात निकाल लागला: शहरात पोरीला धड खायला मिळत नाही, परत आणा. परत आणा म्हणजे पुढे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. एक स्थळही बघून ठेवलेलं होतं.

बॅग मी घेतली, पण तिला आणायला निघाले नव्हते. मुलींनो, तुमच्या मेसमधल्या पाणीदार वरणाविरुद्ध मी पत्रकं काढली, ती तुम्हीच वाटलीत. आणि माझीच बहीण पोटापायी नोकरी सोडणार? ते होणार नव्हतं. एक रविवार हातात होता. कमी पैशात बाहेर नीट जेवता येतं हे मी तिला दाखवणार होते.

शीतल विरार पूर्वेला, फुलपाड्यात, आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहते. तिघींच्या कामाच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे भेट क्वचित. इमारती इतक्या खेटून, की समोरच्या घरातली फोडणी आपल्या भाजीला बसावी. खिडकीत मात्र नूडल्सची पाकिटं रचलेली.

"हे काय खातेस?"

"स्वस्त पडतं, ताई."

"खोटं." मी तिला तशीच खाली ओढत नेली. त्याच गल्लीत वाफाळते पोहे होते, इडलीची गाडी होती, एका बाईचं पोळी-भाजी केंद्र होतं. "बघ! दोन पाकिटांच्या पैशात ताजी पोळी-भाजी." मी दर वाचून दाखवले. सभेत मागे बसलेले लोक मान हलवतात, तशी तिनं हलवली.

मग आणखी जागा दाखवायला दोन बस बदलून वसई गावात. वाटेत एका हॉटेलात पाटी दिसली: 'एका थाळीत दोघांनी जेवू नये.' मी गल्ल्यावर गेले. का नाही जेवायचं?

"मॅडम, जागेचे पैसे असतात."

"मग पाटीवर जागेचा भाव लिहा, जेवणाचा कशाला लिहिता?"

मागे कुणीतरी हसलं. शीतल माझी बाही धरून ओढत होती. आम्ही उपाशी बाहेर पडलो, पण मान ताठ ठेवून. निदान माझी तरी. "तू गेल्यावर मला इथं राहायचंय," एवढंच ती म्हणाली.

पुढे होळी नावाच्या भागात वाड्या लागल्या. विहिरी, केळी, पडवळाचे मांडव. विरारच्या सिमेंटनंतर डोळे निवले. एका बागायतदार काकांकडून अण्णांसाठी केळी घेतली. "कच्ची देतो, प्रवासात टिकतील," म्हणत त्यांनी अख्खा घडच शीतलच्या हातात दिला. तो आळीपाळीनं सावरत आम्ही पाचूबंदरला पोचलो.

एका बाजूला किल्ल्याची भिंत, दुसरीकडे होड्या, मधे बांबूंवर वाळत टाकलेले बोंबील. लिलाव आटोपला होता. बायका वाटे (न तोलता लावलेले मासळीचे ढीग) मांडून बसल्या होत्या. गळ्यात क्रूस घातलेल्या एका मावशींनी हाक मारली, "घे गो बाय, ताजा बोंबील!"

त्यांनी भाव सांगितला. मी लगेच पैसे पुढे केले. त्यांनी हातच लावला नाही.

"भाव नाय करनार?"

"नाही मावशी. कष्टाचा माल आहे. तुम्ही सांगाल तो भाव."

मावशी शेजारणीकडे वळल्या. "बग गो, ही मना भीक देते!" सगळी रांग हसायला लागली. "अगं, तू भांडशील म्हनून तर मी एवरा सांगितला!"

घासाघीस करू नका, हे पत्रक माझंच होतं. तेवढ्यात शीतलनं घड खाली ठेवला आणि ती मावशींसमोर उकिडवी बसली.

"मावशी, हिला सोडा, ही भाषणं करते. माझ्याशी बोला. अर्ध्यात द्या."

"अर्द्यात? बोट तुज्या बापाची हाय?"

"बापाची असती तर फुकट नेले असते!"

दोघी चांगल्याच जुंपल्या. शेवटी भाव ठरला, वर मावशींनी चार बोंबील जास्तीचे टाकले. "जा, माज्या जावेची खानावल हाय मागं, तलून देल." शीतलचा असा मोकळा आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला.

खानावळ म्हणजे पत्र्याखाली दोन लांब बाकं. खलाशी, म्हाताऱ्या, पोरं, सगळे एकाच ओळीत. कुरकुरीत बोंबील, तांदळाची भाकरी, आंबट कालवण. आपल्या गोदावरीच्या काटेरी माशांवर वाढलेल्या आम्ही. बोंबलाचा मऊ काटा तसाच खाल्ला. शेजारी एक बाई एकटीच भात कालवत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. शीतल बघत होती.

"ताई, पैशाचं नाहीच," ती हळूच म्हणाली. "आमच्या कोपऱ्यावरची थाळी परवडते मला. पण आत गेलं की विचारतात, 'एकटीच? पार्सल ना?' मग भिंतीकडचं टेबल. लोक घास हातात धरून बघतात. दोनदा गेले, दोन्हीदा अर्धं टाकून उठले."

मला संताप आला. त्या हॉटेलवाल्यांचा, आणि सकाळभर तिला दर वाचून दाखवणाऱ्या माझाही.

संध्याकाळी आम्ही त्याच कोपऱ्यावर उभ्या होतो. मी आत शिरणार, तोच ती म्हणाली, "तू बाहेर थांब. भाषण नको."

काचेतून मला दिसत होतं. वेटर काहीतरी विचारत होता. शीतलनं मधल्या टेबलाकडे बोट केलं, काहीतरी बोलली आणि बसली. चार माना वळल्या. तिचा पहिला घास हातातच राहिला. माझी मूठ वळली. मग तिनं तो खाल्ला. पुढचाही. दुसऱ्यांदा आमटी मागवली, ताक संपवलं आणि सावकाश उठली.

"काय म्हणालीस त्याला?"

"म्हटलं, एकटीच आहे, इथंच जेवणार, पंखा लाव."

मुलींनो, तुमच्यातल्या कितीजणी उद्या नोकरीसाठी तिकडे जाणार आहात. स्वस्त जेवण कुठं मिळतं ते वर लिहिलंय. पण आधी खुर्ची ओढून मधल्या टेबलावर बसा, आणि ताट संपेपर्यंत उठू नका. तेवढंच करायला मी सांगतेय, आणि ते सोपं नाही हेही मी काचेतून पाहिलंय.

परभणीला अण्णांनी दारातच बॅग उचलली. जड लागली, तसा त्यांचा चेहरा उजळला. "सगळं सामान आणलंस?"

"केळी आहेत. वसईची."

त्यांनी तिथंच शीतलला फोन लावला. पलीकडून ताटांचा खणखणाट, वेटरची आरोळी आणि तिचा आवाज आला, "अण्णा, मागून करते, जेवायला बसलेय."

अण्णा हातातल्या फोनकडे बघत राहिले. "कुणाबरोबर गं?" त्यांनी मला विचारलं.

"एकटीच," मी म्हणाले, आणि केळी काढायला बसले.