सुपारीच्या डबीतला शेरू

कुत्र्याच्या विष्ठेबद्दल इतक्या आदराने बोलणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मेडशीच्या आमच्या गुरांच्या दवाखान्यात त्यांना सगळे डबीवाले काका म्हणतात. दर सोमवारी पलीकडच्या खेड्यातून एसटीने येणार, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, खिशातून सुपारीची पितळी डबी काढून माझ्या टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, "डॉक्टरसाहेब, आज माल एक नंबर हाय." डबीत पळसाच्या पानात गुंडाळलेला शेरूचा नमुना.

शेरू म्हणजे त्यांचा म्हातारा तांबडा कुत्रा. जंतांनी रक्त शोषून त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पहिल्याच दिवशी मी रक्त काढायला सुई उचलली, तसा तो दोरी तोडून तुरीच्या वावरात पसार झाला आणि काका दिवसभर हाका मारत फिरले. बायको गेलेली, मुलगा पुण्याला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "त्याले सुई दाखवू नोका, साहेब. तो गेला तं मी बोलू कोनासंग?" मग ठरलं, गोळी घरीच भाकरीत द्यायची आणि जंतांची अंडी कमी होताहेत का, ते मी विष्ठेत पाहायचं. त्यानंतर शेरूला मी कधी पाहिलंच नाही. आमची सगळी ओळख सूक्ष्मदर्शकातली.

एकदा एसटीत कंडक्टरने ती डबी पाहून हक्काने हात पुढे केला. काका म्हणाले, "देतो बापा, पन तोंडात टाकू नोको." तेव्हापासून भर गर्दीतही त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते, आणि हा ते आपला मान समजतात. सूक्ष्मदर्शकात स्वतः डोकावल्याशिवाय निकाल मान्य करायचे नाहीत. "दिसलं! केवढं लंबं काळं हाय!" असं एकदा ओरडले, तो त्यांच्याच पापणीचा केस होता. एका सोमवारी नमुना फार पातळ निघाला. काय खाऊ घातलं, विचारलं तर म्हणाले, "मी खाल्लं तेच. रांधाचा कंटाळा आला, दोघांनीबी चहात टोस बुडवले." हे किती दिवस चाललंय, ते विचारायचा मला धीर झाला नाही. शेरूला मात्र कडक पथ्य सांगितलं, दोन्ही वेळ ताजी भाकरी आणि वरण. कुत्र्याच्या निमित्ताने काका जेवू लागले.

पुढे नमुन्यातली जंतांची अंडी संपली. जंत मातीतून पुन्हा लागतात, तेव्हा तपासत राहू, असं सांगून मी सोमवार चालू ठेवला. ते खरंच होतं. पण भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्या मलाही सोमवार हवा होता, हेही तितकंच खरं.

गेल्या सोमवारी काकांनी डबी ठेवली, पण मालाचं कौतुक केलं नाही. पाहतो तर अंडीच अंडी, शिवाय शेरूला कधीच नव्हता असा दुसरा जंत. मी म्हणालो, "काका, हा शेरू नाही."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "शेरू गेला, साहेब. म्हतारा झाला होता, झोपेतच गेला. हे स्टँडवरच्या कुत्रीचं हाय, मांगं मांगं येते. आज सोमवार म्हनून उठलो, आंघोळ केली, धोतर नेसलो. मंग जाऊ कुठी?"

मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "जेवताय ना?" एवढंच विचारलं.

"टोस हाय ना घरी."

मी गोळी पुडीत बांधली. "त्या कुत्रीला घरी न्या. ही भाकरीत द्यायची. आणि दोन्ही वेळ ताजी भाकरी, वरण."

"मंग चूल पेटवा लागन," काका पुटपुटले.

"लागेलच."

त्यांनी डबी धोतराच्या सोग्याने पुसून खिशात टाकली आणि दारात थांबून विचारलं, "सोमवारीच आनू ना?"

आज रविवार. दवाखाना बंद, खोलीत मी एकटा. मघाशी चहात टोस बुडवला आणि हात तिथेच थांबला. उठलो, डाळ धुतली, कुकर लावला. उद्या काकांनी "तुमी जेवता ना?" विचारलं, तर सांगायला बरं.