सुई चुकली तर

रविवारची दुपार. वासणा भागातल्या घरात जेवणं उरकली होती, पण टेबल काही मोकळं झालं नव्हतं. ताटं उचलली तिथेच मोहनाने दोन पुस्तकं उघडून मांडली होती आणि हनुवटीला हात लावून ती त्यांच्याकडे बघत बसली होती. निवडायला घेतलेल्या मेथीचा मध्येच कंटाळा यावा, तशी.

दोन्ही पुस्तकं पिशवीत मावणारी. नसा आणि स्नायू तपासताना कुठल्या स्नायूत सुई नेमकी कुठून घालायची, ते सांगणारी. पुस्तकवाला ती दारातच देऊन गेला होता. "जोई लो बेन, आता फोरेनची बुक पण झटपट येते. एक राखो, दुसरी सोमवारे लई जईश." नको असलेलं तो सोमवारी परत नेणार होता.

"तुला पुस्तक कशाला लागतंय?" हिंचक्यावरून, झोके घेत, अप्पा म्हणाले. तिचे वडील विश्वासराव जांभेकर, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. उभ्या आयुष्यात वर्गात पुस्तक उघडलं नाही, हा त्यांचा जुना ताठा. "इतकी वर्षं काय करत होतीस?"

"पाठ होतं. आता विसरते, अप्पा."

"मग पुन्हा पाठ कर. रोज पहाटे दहा स्नायू. आम्ही अख्खा कोश घोकला होता."

"तुमच्या कोशाला सुई टोचायची नव्हती."

अप्पांनी पायाने झोका वाढवला. हिंचक्याची कडी तेवढी कुरकुरत राहिली.

ती विसरत होती हे तिला अधूनमधून जाणवायचंच, पण गुरुवारी पुरतं कळलं. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातला फिटर नारायण तिच्याकडे दवाखान्यात तपासून घ्यायला आला होता. मनगटाचं हाड मोडून जुळलेलं, पण अंगठा वर उचलता येत नव्हता. नस मेली असेल तर वाट बघायची. नस जिवंत असून नुसती स्नायूची दोरी तुटली असेल तर लवकर ऑपरेशन. हे सर्जनला तिने सांगायचं होतं. हातात सुई घेतली आणि जागाच आठवेना. अंदाजाने टोचली. नारायणने जोर लावला, आणि सुईला जोडलेलं, स्नायूतली वीज ऐकवणारं यंत्र गरजलं. पण गरजलं कोण? अंगठ्याचा स्नायू की त्याला चिकटून असलेला तर्जनीचा? जोर लावताना बिचारा सगळीच बोटं उचलत होता. दुसऱ्यांदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचलं. शेवटी तिने त्याला "मंगळवारी या" म्हणून घरी पाठवलं आणि दार लोटून खुर्चीत बसून राहिली. यंत्र हाताखालच्या डॉक्टर देवश्रीच्या हवाली करावं, असंही मनात आलं. पोरगी तरुण आहे, तिचं सगळं ताजं आहे.

"हे घे की," अप्पांनी हिंचक्यावरून मान लांबवून एका पुस्तकाकडे बोट केलं. "केवढी सुंदर चित्रं! रंगीत!"

"सुंदर आहेत."

"मग अडलं कुठे?"

मोहनाने एका हातात सुईऐवजी चमचा धरला, दुसऱ्या हाताने टेबलावरच्या टॉवेलची घडी पेशंटचा हात असावा तशी दाबून धरली. रंगीत पुस्तक हळूहळू आपोआप मिटलं.

"दोन्ही हात अडकलेले असतात, अप्पा. पान कोण धरणार? तुम्ही येता का?"

दुसऱ्याला तारेची बांधणी होती. ते उघडं, सपाट पडून राहिलं. चित्रं काळीपांढरी, शाळेच्या पोरांनी काढल्यासारखी. पण प्रत्येक चित्राखाली दोन ओळी जास्तीच्या होत्या. अंगठ्याचं पान तिने काढलं आणि मोठ्याने वाचलं, "सुई मनगटाकडे जास्त सरकली, तर तुम्ही तर्जनीच्या स्नायूत आहात."

"म्हणजे चुकणार, असं गृहीतच धरलंय?" अप्पा चकित झाले.

"हो."

"कसला लेखक म्हणायचा हा!"

"माझ्यासारखा दमलेला असेल," मोहना म्हणाली आणि रंगीत पुस्तक खोक्यात घालून मोकळी झाली.

मंगळवारी नारायण आला. खाटेशेजारी उघडं पुस्तक बघून त्याची भुवई चढली.

"शुं वात छे, बेन! परीक्षा आहे का आज?"

"आहे. तुमचा हात मी परत चुकवायचा नाही, हीच."

"मग नीट वाचा हां. घाई नाय."

तो हसला, पण घाबरलाही होता. मोहनाने पान वाचलं, हाडाची कड बोटाने चाचपली, पुन्हा वाचलं. त्याच्यादेखत. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग सुई घातली.

"फक्त तर्जनी उचला."

यंत्र जवळजवळ गप्पच.

"आता अंगठा."

"उचलत नाय ना, बेन."

"नाही उचलला तरी चालेल. जोर लावा."

त्याने ओठ आवळले. अंगठा चादरीवर मेल्यासारखा पडून होता, आणि यंत्र मात्र भट्टीसारखं घुमायला लागलं. मोहनाने डोळे मिटून ते ऐकलं. मग सुई काढून कापूस दाबला.

"नस जिवंत आहे. दोरी तुटलीय. ऑपरेशन करावं लागेल."

"त्या दिवशी तर तुम्हाला काय समजतच नव्हतं."

"नव्हतं."

"आज पक्कं?"

"पक्कं. पुन्हा टोचणार नाही."

नारायण उजव्या हाताकडे बघत राहिला. ऑपरेशन म्हणजे पुन्हा रजा, पुन्हा साहेबाची बोलणी. "चला," तो शेवटी म्हणाला, "निदान वाट बघणं तरी सुटलं." त्याला डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावता येईना, म्हणून मोहनाने ते लावून दिलं. मग बाहेर नंबर लावून बसलेल्या बाईंना तिने आत बोलावलं, कुठला स्नायू तपासायचा ते त्यांच्या चिठ्ठीत बघितलं, आणि पुस्तकाची पानं उलटू लागली.