चौदा नंबरची बादली

"कुणाची बादली राहिली?"

टँकर गेला की बाईंचा हा एकच प्रश्न. विचारता विचारता हातातल्या किल्ल्यांचा जुडगा ओळीतल्या एकेका बादलीवर वाजवत पुढं जायच्या. भरलेल्या बादलीचा आवाज बद्द, रिकामीचा पोकळ. एखादी पोकळ वाजली की थांबायच्या, नंबर वाचायच्या आणि तडक त्या मुलीच्या खोलीकडं निघायच्या.

आमचं कॉलेज साखर कारखान्याच्या संस्थेचं, बीडपासून एसटीनं अर्ध्या तासावर. बाई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. मुली बहुतेक ऊसतोड कामगारांच्या. दिवाळी उरकली की आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर आणि लेकी बाईंच्या पदरात. दुष्काळाच्या त्या वर्षी टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. प्रत्येकीची बादली ठरलेली, वर ऑइलपेंटनं नंबर. ज्या मुलीनं आपली बादली नळीखाली धरली नाही, तिचं काहीतरी बिनसलंय, असा बाईंचा पक्का हिशेब. "माणूस खोटं बोलंल, बादली न्हाई," म्हणायच्या. पहिला नंबर त्यांच्या स्वतःच्या बादलीचा होता.

मी मानसशास्त्राचा प्राध्यापक. संस्थेनं मला समुपदेशक केलं, खोली दिली, दारावर पाटी लावली, कुलपाचं लोखंडी कपाट दिलं. त्या कपाटाचा मला काय तोरा! मुलींनी सांगितलेलं सगळं त्यात बंद. गेटवर पोलीस चौकीचे एक जमादार असायचे, टँकरवर मारामाऱ्या होतात म्हणून नेमलेले. ते येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही लिहायचे. मी त्यांना दांडकेवाले समजायचो, ते मला डोक्याचा डॉक्टर. वर्षभरात आम्ही एकमेकांशी नमस्काराच्या पुढं गेलो नव्हतो. तुम्हीही अशी ऑफिसं पाहिली असतील. एकाच आवारात तीन दारं आणि तिन्ही आतून बंद.

एकदा बाई माझ्या खोलीत आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मास्तर, ती चौदा नंबरची तुमच्याकडं आल्ती का?"

चौदा नंबरची म्हणजे युसूफ वडगावच्या पलीकडची एक अबोल मुलगी, पहिल्या वर्षाला. आली होती. झोप लागत नाही म्हणाली होती. पण मी खुर्चीत सरसावून बसलो. "बाई, ते गोपनीय आहे."

"ठिवा गोपनीय," त्या म्हणाल्या. "पोरगी जेवत न्हाई म्हून इचारलं." आणि गेल्या. मला वाटलं, मी फार मोठं तत्त्व पाळलं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्याच टँकरला सगळ्या बादल्या भरलेल्या वाजल्या. एकही राहिली नाही. तरी बाई थांबल्या. चौदा नंबरची बादली तिची मैत्रीण उचलत होती.

"ही काहून तुझ्याकडं?"

"तिनं देऊन टाकली बाई. म्हणली, मला नको आता."

त्या वर्षी आमच्याकडं कुणी कुणाला तांब्याभर पाणी देत नव्हतं. सख्ख्या बहिणी मगासाठी भांडायच्या. आणि या मुलीनं अख्खी बादली देऊन टाकली. माणूस आपल्या वस्तू वाटायला लागला की सावध व्हावं, हे मी वर्गात फळ्यावर लिहून दिलेलं! बाईंनी ते कुठं वाचलेलं नव्हतं.

त्यांनी जमादारांना गेटवरून बोलावलं, मला खोलीतून जवळजवळ ओढत आणलं. व्हरांड्यात दोन फुटक्या बादल्या उपड्या टाकल्या. "बसा दोगं. कुणाला काय म्हाईत हाय ते आत्ता सांगा. तुमचं कपाट बी उगडा मास्तर, नायतर मी किल्ल्या चालवीन."

मी सांगितलं, झोप नाही, दोन विषयांत नापास झालीय. बाप म्हणाला होता, नापास झालीस तर शिक्षण बंद, कोयता धर. जमादारांनी वही उलटली. "प्रोफेसरसाब, ती सकाळी सातला भायेर गेली. मी इचारलं, कुटं? तर म्हणली, गावाकडं. पण पिशवी नव्हती हातात." आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तिचे मायबाप तर कारखान्यावर हायेत. गावाकडं हाय कोण?"

तीन माणसांकडं तीन तुकडे होते. जोडायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

सकाळची एसटी बीडची, म्हणून जमादारांनी बीडच्या पोलिसांना फोन लावला, जीप काढली. मुलगी बीडच्या बसस्टँडवर सापडली. सकाळपासून एकाच बाकावर बसून होती, गाड्या येत होत्या, जात होत्या. कुठं जायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. फक्त परत यायचं नव्हतं, असं तिनं मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं.

बाईंनी तिला ना रागावलं, ना कुरवाळलं. बादली आणून तिच्या हातात दिली. "ही तुझी. पुन्ना कुणाला दिलीस तर गाठ माझ्याशी हाय." तेव्हा कुठं ती पोर रडली. मला खरंच हायसं वाटलं.

मग बाई तिच्या बापाच्या कारखान्याला फोन लावून दोन तास बसल्या, टोळीवरून त्याला फोनवर बोलावून घेतलं. "पोरगी पुन्ना परीक्षेला बसतीय. तवर कोयत्याचं नाव काडायचं न्हाई. काडलंस तर जमादाराला घेऊन मीच येते तिकडं." बापानं कबूल केलं. संस्थेतले एक साहेब कुरकुरले, मुलींच्या वसतिगृहात पोलीस बसतो, नाव खराब होतं. बाई म्हणाल्या, "पोरगी गेल्यावर लई चांगलं ऱ्हाईल का नाव?" साहेबांनी विषय बदलला.

तेव्हापासून दर टँकरला आम्ही तिघं उपड्या बादल्यांवर दहा मिनिटं बसायला लागलो. कोण काय म्हणालं ते मी सांगत नसे. कुणाकडं लक्ष ठेवायचं, एवढंच सांगायचो. मुलीला आधी विचारून. जमादार ऐकून घ्यायचे आणि उठताना टोपी सारखी करायचे. चौदा नंबर दोन्ही विषयांत सुटली.

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी तीच धावत माझ्याकडं आली. "सर, बाईंची बादली राहिली!"

आम्ही बाईंच्या खोलीचं दार ढकललं. बाई जमिनीवर पडल्या होत्या, छातीवर हात. जमादारांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. बीडच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्या शुद्धीवर आल्या. मला म्हणाल्या, "कुणी बगितली बादली?"

"चौदा नंबरनं."

"मंग झालं," म्हणाल्या आणि माझ्या हातावर थोपटलं. चार दिवसांनी बाई गेल्या.

त्यानंतरच्या टँकरला किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात होता. जमादार टोपी काढून उभे होते. पहिलीच बादली बाईंची. ती पोकळ वाजणार म्हणून मी मन घट्ट केलं. ती भरलेली वाजली. मी बघतच राहिलो. कशीबशी ओळ पुढं वाजवत गेलो आणि चौदा नंबर पोकळ वाजली.

"चौदा नंबर कुठंय?" मी ओरडलो. जमादार गेटकडं धावले.

"मी हितंच हाय सर," ती माझ्या पाठीमागूनच म्हणाली. "माजं पाणी आज बाईंच्या बादलीत वतलंय."