पेटीतला दगड

तव्यावर पोळी फुगत होती, तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या देवकाबाई. सौंसरच्या शाळेत प्रयोगशाळा झाडणं-पुसणं, सामान मांडणं हे त्यांचं काम. पदराआड काहीतरी घट्ट धरलेलं.

"वहिनी, हा दगड दुपारपर्यंत तुमच्यापाशी ठेवा."

दगड मी ओळखला. जाम नदीतला, वाटोळा, मुठीएवढा. "माह्या माहेरचा हाये, पांढुर्ण्याचा, गोटमारीच्या गावचा. नेम चुकत नाई," असं त्या हसून सांगायच्या. आज हसत नव्हत्या.

सतरा वर्षांपूर्वी त्यांनी संत्र्याच्या खोक्यात मधोमध हा दगड बसवला, वर फळी ठोकली आणि बाजूच्या फटीतून काचेच्या गोट्या सोडल्या. बहुतेक सरळ पलीकडे जायच्या, काही तिरप्या, एखादी टणकन उलटी अंगावर यायची. सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण सोडून रदरफोर्डला अणूचा गाभा असाच, न पाहता कळला होता. विज्ञानाच्या हेमंत सरांचा तास ऐकता ऐकता बाईंनी हे डोक्यात जुळवलं. पांढुर्ण्याच्या प्रदर्शनात पेटीला पहिलं बक्षीस मिळालं आणि पेटीवर पाटी लागली ती हेमंत सरांच्या नावाची.

"तुमचं नाव कशाला? तुम्ही तर झाडू मारता," सर म्हणाले होते. ते वाक्य बाईंनी विळ्यासारखं पाजळत ठेवलं.

आज सरांचा निरोप समारंभ. पेटी स्टेजवर, दगड माझ्या ओट्यावर.

"बाई, चारचौघांत फजिती होईल हो त्यांची."

"व्हावी म्हणूनच काढला न! सरांनीच शिकवलं, अंधारात डोळे फोडून ठिणग्या मोजल्या हाताखालच्या गायगर न मार्सडेननं, न नाव झालं रदरफोर्डचं. त्यायची नावं पुस्तकात तरी हायेत. माहं कुठी हाये?"

मी त्यांना समजवायला हवं होतं. त्याऐवजी दगड तांदळाच्या डब्यात खुपसला आणि दुपारी पर्समध्ये घालून हॉलमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"ही पेटी मी माझ्या हातांनी बनवली," सर माईकवर म्हणाले आणि गोटी सोडली. सरळ पलीकडे. दुसरीही. दहावीही.

पुढच्या रांगेतली प्रणाली ओरडली, "सर, आत काहीच नाही न!"

हॉल खदखदून हसला. सर फटीला डोळा लावून वाकले. टकलावर घाम.

"देवकाबाई, काय बिघडून राहिलं? पाहा बरं!"

बाई जागेवरूनच म्हणाल्या, "पेटी तुमी बनवली न सर? मंग कुठी काय बसवलं, तुमाले ठाऊक असनच."

मुलं हसायची थांबली. मी पर्स उघडली. बाईंनी दगड घेतला, सावकाश स्टेज चढल्या आणि तो सरांच्या हारतुऱ्यांशेजारी ठेवला.

"आत्ता बसवून देतो सर. फक्त ती पाटी काढा न पेटीवर माहं नाव लिहा."