विलोबीचा जुना गोलकीपर

माझा नवरा लायल टटल घरोघरी गॅस पोचवणारा ट्रक चालवतो आणि उरलेल्या वेळात विलोबी कॉलेजच्या लॅक्रॉसच्या, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळाच्या, पोरांवर जळतो. लपवतही नाही. त्यांच्या विजयाचा फलक मुख्य रस्त्यावर टांगला की हा ट्रक मागच्या गल्लीने नेतो. खाणावळीत त्यांच्या प्रशिक्षकाच्या नावाचं सँडविच निघालं, तेव्हापासून तिथे हा फक्त कॉफी पितो, तीही नाक मुरडून.

हा स्वतः त्याच कॉलेजचा गोलकीपर होता. तेव्हाचा संघ इतका भिकार, की समोरचे खुशाल मारा करायचे आणि हा एकटा जाळीची काठी घेऊन झेलत बसायचा. एका सामन्यात त्याने जितके चेंडू अडवले तितके विलोबीत पुन्हा कुणी अडवले नाहीत. सामना हरले, आणि सणसणीत हरले. पण व्यायामशाळेतल्या पाटीवर विक्रम लायल टटलचाच.

“आत्ताचा गोलकीपर काय करतो?” जेवताना तो मला ऐकवतो. “खुर्ची टाकून बसतो! पुढची पोरं त्याच्यापर्यंत चेंडू येऊच देत नाहीत. याला म्हणे गोलकीपर!”

“बरंच आहे की. ते जिंकताहेत तोवर तुझी पाटी शाबूत.”

तो आणखी बटाटे वाढून घेतो.

यंदा मे महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना आमच्याच मैदानावर आला. सगळं गाव लोटलं. लायल म्हणाला, “मी नाही येणार,” आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसला.

विलोबीचा बचाव सांभाळणारा उंच पोरगा सुरुवातीलाच पाय मुरगळून बाहेर गेला आणि मारा सुरू झाला. गोलकीपर एमेट फॉस, ओठावर धड मिशी नाही, पण हाताने, मांडीने, छातीने अडवत सुटला. लायल ओठांतल्या ओठांत मोजत होता.

“अरे, एखादा तरी जाऊ दे की आत!”

पुढच्या बाकावरची बाई वळली. “तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे हो?”

“उन्हाने होतं त्याला असं,” मी सारवासारव केली.

शेवटचं मिनिट उरलं. विलोबीचा संघ एका गोलने पुढे होता आणि एमेटने लायलची बरोबरी केली होती. आणखी एक अडवला की पाटीवरून लायलचं नाव जाणार होतं. त्याने माझं मनगट आवळून धरलं.

फटका आला. एमेट गुडघ्यांवर पडला आणि चेंडू त्याच्या छातीवर आदळून बाहेर गेला. शिट्टी झाली. सगळं मैदान उभं राहिलं, लायल बसूनच.

“जाऊ दे रे ती पाटी,” मी म्हटलं.

“पाटी गेली खड्ड्यात.”

तो मैदानाकडे बघत होता. काठ्या, टोप फेकून सगळी पोरं धावत सुटली होती आणि एमेटला आडवा पाडून एकावर एक त्याच्या अंगावर कोसळत होती.

“सामना संपला की माझ्याकडेही यायचे गं सगळे, डॉरीन,” लायल म्हणाला. “मान खाली घालून. खांद्यावर थोपटायचे आणि बसकडे निघायचे. असं अंगावर कुणी पडलं नाही कधी.”

ढिगाच्या तळातून एमेट बोंबलत होता, “उठा रे, मरतोय मी!”

“नशीब बघ साल्याचं,” लायल म्हणाला.